लांब पल्ल्याचा ब्रेस्टस्ट्रोक स्ट्रोक मोजून पोहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची चाहूल लागली की पुण्यातल्या तलावांवर बॅचसाठी रांगा लागतात आणि वृत्तपत्रांतून पोहण्याचे फायदे सांगणारा मजकूर येऊ लागतो. त्यात ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत छातीवर पोहण्याची, बोळवण एका वाक्यात होते: सोपा प्रकार, डोके वर राहते, दम लागत नाही, चाळिशीनंतर हाच बरा. आम्ही पोहणे शिकवणारी मंडळी आहोत, तेव्हा या वाक्याला थोडी लांबलचक पुरवणी जोडू द्यावी. हेच वाक्य मनात धरून पुण्यातले कित्येक हौशी लोक डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेला उतरतात. पहिला अर्धा किलोमीटर छान जातो. मग मांड्या जड होतात, मान आखडते, आणि उरलेले अंतर पाणी तुडवत कसेबसे संपते. अशा वेळी ‘स्टॅमिना कमी पडला’ असे म्हटले जाते. आमच्या मते दहातल्या आठांचा स्टॅमिना पुरेसा असतो. तो ते पहिल्या वीस मिनिटांत उधळून बसलेले असतात.

ब्रेस्टस्ट्रोकने लांब पोहण्यात कमीपणा नाही, हे आधी सांगायला हवे. सागरी शर्यतीत सहसा कोणत्याही प्रकाराने पोहायची मुभा असते. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी पोहून पार केली ती ब्रेस्टस्ट्रोकनेच, २१ तास ४५ मिनिटांत. मात्र शर्यतींतल्या चारही प्रकारांत (फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय, ब्रेस्टस्ट्रोक) हा सर्वांत हळू आहे. २०० मीटरला पुरुषांचा फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम १ मिनिट ४२ सेकंदांचा, तर ब्रेस्टस्ट्रोकचा चीनच्या छिन हायांगने २०२३ मध्ये केलेला २ मिनिटे ५.४८ सेकंदांचा. हळू असण्याचे कारण असे की एका स्ट्रोकच्या, म्हणजे हातपायांच्या एका पूर्ण आवर्तनाच्या, आतच वेग सर्वांत जास्त वरखाली होतो. किक बसली की शरीर झेपावते आणि पुढच्या किकसाठी गुडघे दुमडले की जवळजवळ थांबते. लक्ष्मी रोडवरच्या रिक्षासारखे: जोर, ब्रेक, जोर, ब्रेक, आणि पेट्रोल सगळे जोरातच जाते. पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवला तर शक्ती ३३ टक्के जास्त मोजावी लागते. लांब शर्यतीत सुरुवातीची घाई का भोवते, ते या एका हिशोबात आले. आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ब्रेक कमी करणे हे जोर वाढवण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

ब्रेक लागतो तो मुख्यतः पायांत. बहुतेकांच्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पुढे ढकलण्याचे जास्त काम किकच करते, आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच असतात. गुडघे पोटाखाली ओढून घेणे ही सर्वांत मोठी. असे केले की मांड्या पाण्यात आडव्या भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि आधीच्या किकची सगळी कमाई बुडते. गुडघे जवळजवळ जागेवर ठेवून टाचा नितंबांकडे आणायच्या, तीही सावकाश, खांद्यांच्या सावलीतून. गुडघ्यांमधले अंतर कमरेइतके ते फार तर खांद्यांइतके. टाचा वर आल्यावर तळपाय बाहेर वळवायचे, पायाची बोटे नडगीकडे ताणायची, आणि मग पोटरीची आतली बाजू व तळपाय यांनी पाणी मागे आणि आत रेटायचे. शेवटी पाय जुळले पाहिजेत आणि बोटे मागे लांब झाली पाहिजेत. हे शेवटचे अर्धे वीत अंतर थकल्यावर पहिल्यांदा गळते. पाय फाकलेलेच राहतात आणि ग्लाइडमध्ये, म्हणजे किकनंतर नुसते सरकताना, दोन नांगर मागे लोंबत येतात.

दुसरी चूक कात्रीची. एका पायाचा घोटा वळतो, दुसऱ्याचा सरळच राहतो. पोहणाऱ्याला हे कळत नाही, कारण दोन्ही पाय सारखेच वाटतात. पाहणाऱ्याला मात्र लगेच दिसते. घोटा आखडलेला असेल तर रोज पाच मिनिटे टाचांवर बसून तळपाय बाहेर वळवायचा सराव करावा, पण गुडघ्यात दुखत असेल तर बसू नये.

किक सुधारायला दोन ड्रिल, म्हणजे सरावाचे प्रकार, पुरेत. पाठीवर झोपून, हात शरीरालगत ठेवून ब्रेस्टस्ट्रोकची किक मारा. गुडघे पाण्याबाहेर डोकावले तर मांड्या ओढल्या जात आहेत. दुसरे ड्रिल पोटावर: हात मागे, तळवे नितंबांपाशी, आणि दर किकला टाच बोटांना लागली पाहिजे. टाच लागेनाशी झाली की थांबा, त्या दिवसाचे काम झाले. किक किती कमाई करते ते तपासायचे असेल तर हात पुढे सरळ ठेवून २५ मीटर फक्त पायांनी जा. पूर्ण स्ट्रोकने जितके स्ट्रोक लागतात त्यापेक्षा तीन-चार किक जास्त लागल्या तर ठीक. दहा जास्त लागत असल्या तर तुम्ही हातांनी पोहत आहात, आणि एक किलोमीटरनंतर ते हात राहणार नाहीत.

हातांचे काम थोडक्यात सांगतो. तळवे किंचित बाहेर वळवून हात खांद्यांपेक्षा जरासे रुंद उघडायचे, कोपर वर ठेवून आत आणायचे, हनुवटीखाली जुळवायचे आणि तसेच पुढे न्यायचे. हात कमरेपर्यंत ओढले की क्षणभर जोर जास्त मिळाल्यासारखा वाटतो, पण परत पुढे आणताना तेवढेच पाणी अंगावर ओढले जाते. छातीपाशी हात जोडून थबकणे तर त्याहून महागडे. तिथे पाय दुमडलेले, हात दुमडलेले आणि तोंड वर असते. सबंध स्ट्रोकमधली सर्वांत वाईट स्थिती, आणि नेमके तिथेच लोक श्वासासाठी रेंगाळतात.

रेंगाळतात, कारण पाण्यात श्वास सोडलेला नसतो. तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून हळूहळू सोडत राहिले की वर आल्यावर फक्त घ्यायचे उरते, त्याला अर्धा सेकंद पुरतो. डोके मानेने उचलायचे नसते; हात आत येताना छाती आपोआप वर येते, डोके तिच्यासोबत. हनुवटी पाण्याला जवळजवळ चिकटलेली, नजर समोरच्या पाण्यावर. ‘डोके वर राहते’ म्हणून या प्रकाराची शिफारस करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. डोके सतत वर ठेवले की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरपे होते, विरोध वाढतो आणि मानेचे मणके तासभर मागे वाकलेले राहतात. मानेचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना हा ‘आरामाचा’ प्रकार डॉक्टरांकडे नेऊ शकतो. शंभर-दीडशे रुपयांचा गॉगल आणि पाण्यात तोंड घालायची सवय एवढ्यावर हे टळते.

आता वेळ साधण्याकडे येऊ. लांब पल्ल्याचे खरे मर्म इथेच आहे. क्रम असा: हात, श्वास, पाय, सरक. हात पुढे जाऊ लागले की टाचा वर; हात जवळजवळ सरळ झाले की किकचा जोर. हात आणि पाय एकाच वेळी फाकवायचे आणि एकाच वेळी मिटायचे, ही तलावावर सर्रास दिसणारी पद्धत. त्यात हात ब्रेक लावत असताना पाय ढकलतात, म्हणजे दोघे एकमेकांचे काम पुसतात. किक संपल्यावर शरीर टाचेपासून बोटांपर्यंत एका रेषेत, डोके दोन्ही दंडांच्या मध्ये. ही सरक, म्हणजे ग्लाइड, किती वेळ धरायची? ‘जितकी लांब तितकी चांगली’ असे शिकवले जाते ते चूक आहे. वेग पडू लागला की पुढचा स्ट्रोक सुरू झाला पाहिजे. थांबेपर्यंत सरकत राहिलात तर दर वेळी शून्यातून सुरुवात करावी लागते.

आपली योग्य सरक शोधायला मोजमापच हवे. २५ मीटरचे तीन लॅप घ्या, तिन्हींत जोर सारखाच. पहिल्यात सरक जवळजवळ नको, दुसऱ्यात मनात ‘एक’ म्हणण्याइतकी, तिसऱ्यात ‘एक-दोन’. प्रत्येकाचे सेकंद आणि स्ट्रोक यांची बेरीज करा. समजा पहिल्यात २१ स्ट्रोक आणि ४६ सेकंद, बेरीज ६७. दुसऱ्यात १६ आणि ४८, बेरीज ६४. तिसऱ्यात १४ आणि ५४, बेरीज ६८. या माणसाची लांब पल्ल्याची लय दुसरी. मनगटावरच्या घड्याळांत हाच आकडा ‘स्वॉल्फ’ नावाने दिसतो. पण काही घड्याळे फक्त घातलेल्या हाताचे स्ट्रोक धरतात आणि फ्रीस्टाइलचा आकडा ब्रेस्टस्ट्रोकशी ताडून पाहणारेही भेटतात, तेव्हा मनात मोजलेले बरे. स्ट्रोकची संख्या हीच लांब शर्यतीतली तुमची मोजपट्टी आहे. वेळ भिंतीवरच्या घड्याळात दिसतो, तंत्र बिघडल्याचे पहिले लक्षण मात्र या संख्येत दिसते.

तलावातली ब्रेस्टस्ट्रोकची सर्वांत लांब अधिकृत शर्यत २०० मीटरची. तिथे क्लबच्या पातळीवर ३ मिनिटे २० सेकंदांचे लक्ष्य ठेवणाऱ्याने ५० मीटरच्या तलावात ४६, ५०, ५२, ५२ असे तुकडे पाडावेत. पहिला तुकडा सूर मारल्यामुळे आपोआप लहान होतो, त्यासाठी वेगळा जोर लावायचा नाही. पहिल्या ५० ला २२ स्ट्रोक लागले असतील तर पुढे २४, २५ आणि शेवटी २७ चालतात. तिसऱ्या पन्नासातच २९-३० झाले तर सरक संपली आणि टाचा पूर्ण वर येणे थांबले असे समजावे. मग शेवटचे ५० मीटर ५८ ला जातात. पहिल्या पन्नासात घाई करून कमावलेले दोन सेकंद असे तिपटीने परत जातात. शर्यत पाहायला आलेले पालक पहिल्या टर्नला मूल पुढे आहे म्हणून ओरडत असतात, तिसऱ्याला ते कुठे आहे याकडे मात्र कोणी पाहत नाही.

दोन-तीन किलोमीटरच्या सागरी शर्यतीसाठी वेग ठरवायचा तर आधी दोन चाचण्या घ्या, वेगवेगळ्या दिवशी, ब्रेस्टस्ट्रोकनेच: ४०० मीटर आणि २०० मीटर. समजा ४०० ला १२ मिनिटे आणि २०० ला ५ मिनिटे ४० सेकंद लागले. फरक ३८० सेकंदांचा, म्हणजे १०० मीटरला १९० सेकंद, ३ मिनिटे १० सेकंद. हा तुमचा टिकणारा वेग. सरावात तोच धरून १०० मीटरचे १० तुकडे, मध्ये २० सेकंद विश्रांती. हे सगळे ३५ मिनिटांत बसते, आधी १० मिनिटे हलके पोहा, म्हणजे पाऊण तासाच्या बॅचमध्ये नेमके मावते. प्रत्येक लॅपचे स्ट्रोक मोजा. नेहमीच्या १६ वरून १९ झाले की थांबा, वाटल्यास दोन तुकडे आधीच. आठवड्याला एकच दिवस सलग लांब पोहायचा ठेवा. रोज सलग दीड किलोमीटर पोहणारे शेवटचे सातशे मीटर बिघडलेल्या स्ट्रोकची उजळणी करत असतात, आणि शर्यतीत मग तोच स्ट्रोक हुकमी येतो.

समुद्रात एक हिशोब हमखास चुकतो, तो भिंतीचा. सरक मोजण्याच्या उदाहरणातला पोहणारा २५ मीटर ४८ सेकंदांत जातो, पण त्यातले ५ मीटर भिंतीला ढकलून साधारण ४ सेकंदांत होतात. प्रत्यक्ष पोहणे २० मीटर, ४४ सेकंद. समुद्रात भिंत नाही, म्हणून १०० मीटरला ३ मिनिटे ४० सेकंद. तलावात २ किलोमीटरला ६४ मिनिटे लागणाऱ्याला शांत पाण्यातही ७३ लागणार, प्रवाह विरुद्ध असेल तर आणखी. स्ट्रोक १०० मीटरला ८०, सगळे मिळून १,६००. स्पर्धेची कमाल वेळ ७० मिनिटे असेल तर अर्ज भरण्याआधीच हे कळायला हवे. बाणेर-वाकडकडच्या सोसायट्यांच्या १२-१५ मीटरच्या तलावांत सराव करणाऱ्यांचा फरक तर याहून मोठा, कारण तिथे लॅपचा तिसरा हिस्सा ढकलण्यातच जातो. उपाय सोपा आहे: सरावातले ३०० मीटर भिंतीच्या एक मीटर आधीच, हात न लावता, वळून पोहावेत. पहिल्या दिवशी फार वैताग येतो.

मिनिटाला किती स्ट्रोक पडतात ते पाठ असावे. या पोहणाऱ्याचे साधारण २२. समुद्रात लॅप मोजता येत नाहीत, तेव्हा हाच आकडा हाताशी असतो. पहिली पाच मिनिटे तो वाढू द्यायचा नाही. आजूबाजूचे सगळे पुढे जात असताना हे अवघड जाते. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगते आणि टाचा पाण्याबाहेर येऊन किक हवेत जाते. तसे वाटले तर छाती किंचित दाबून कंबर जागेवर ठेवावी, टाचा थोड्या कमी वर आणाव्यात. दिशेसाठी ब्रेस्टस्ट्रोकवाल्याला फ्रीस्टाइलवाल्यापेक्षा सोय आहे, दर श्वासाला समोर दिसते. पण दर वेळी बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) शोधत मान उचलू नये, आठ-दहा स्ट्रोकमधून एकदा पुरे. लाट तोंडावर येत असेल तर ती डोक्यावरून जाऊ देऊन तिच्यामागे श्वास घ्यावा. काखेत आणि मानेला व्हॅसलीन लावावे, मीठ आणि घर्षण तासाभरात कातडी सोलते.

गुडघ्यांविषयी थोडे स्पष्टच. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकचा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या बंधावर येतो. पुण्यात लोक एप्रिल-मे भर पोहतात, पावसाळ्यात खंड पडतो आणि दिवाळीनंतर मालवणची आठवण येऊन गार पाण्यात सकाळी सहाला एकदम किलोमीटर-दोन किलोमीटर सुरू होतात. गुडघे नेमके याच महिन्यांत धरतात. किक सुरू करण्याआधी २००-३०० मीटर हलके फ्रीस्टाइल पोहावे, आठवड्याचे अंतर हळूहळू वाढवावे आणि एकूण पोहण्यात ब्रेस्टस्ट्रोकची किक निम्म्याहून जास्त नसावी. गुडघे अगदी चिकटवून पाय लांब फेकायची सवय असेल तर ताण आणखी वाढतो. आतल्या बाजूला दुखू लागले तर किक बंद, पायांत पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता ठोकळा) धरून हात सुरू. ‘वॉर्मअपने जाईल’ म्हणत पोहत राहणाऱ्याचे दुखणे हंगामभर सोबत करते.

तलावातल्या शर्यतींत मुले बाद होतात त्याची कारणे ठरलेली आहेत. टर्नला किंवा शेवटी एकच हात लागणे, किंवा दोन्ही हात एका वेळी न लागणे, कात्रीची किक, सुरुवातीला वा टर्ननंतर बटरफ्लायसारखी, पाय जुळवून मारलेली, एकाऐवजी दोन किक. अशा एका किकची मुभा २००५ पासून आली. दर स्ट्रोकला डोके पाण्याबाहेर यावे हा नियमही मुळापासूनचा नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये जपानच्या मासारू फुरुकावाने २०० मीटरची शर्यत बरीचशी पाण्याखालूनच पोहून सुवर्ण मिळवले, त्यानंतर तो आला. टर्ननंतर पाण्याखालच्या पुलआउटचा, म्हणजे वर येण्याआधी हात लांब ओढून सरकत राहण्याचा, मोह २०० मीटरमध्ये शेवटी आवरावा. पहिल्या दोन टर्नला लांब, शेवटच्याला थोडा आखूड ठेवावा. शेवटच्या पन्नासात श्वास अडून बसला की वर आल्यावर पहिले चार स्ट्रोक वाया जातात.

या निमित्ताने तीन मागण्या. शहरातल्या तलावांवर, महापालिकेच्या असोत वा खासगी, दोन्ही टोकांना पाण्यातून दिसेल असे सेकंदकाट्याचे मोठे घड्याळ असावे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्या ५० मीटरच्या तलावावर वेग शिकता येतो तसा तो पेठेतल्या तलावावरही शिकता यावा, आणि त्याला घड्याळापलीकडे फारसे काही लागत नाही. तलावाची लांबी काठावर रंगवलेली असावी. कित्येक जण २५ समजून २२ मीटरवर आपला वेग ठरवतात. सागरी स्पर्धांच्या आयोजकांनी प्रत्येक अंतराची कमाल वेळ प्रवेशअर्जावरच छापावी आणि ब्रेस्टस्ट्रोकने पोहणाऱ्यांना दोन मिनिटे मागून, कडेने सोडावे. त्यांची किक आडवी पसरते आणि सुरुवातीच्या गर्दीत टाच शेजाऱ्याच्या बरगडीत किंवा गॉगलवर बसते. तोपर्यंत ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांनी स्वतःहून कडेला उभे राहावे आणि पहिले शंभर स्ट्रोक पाय थोडे अरुंद ठेवावेत.

आपले,
पुण्यातील काही जलतरण प्रशिक्षक